महागुरूंचा हात : दृढीकरण संस्कारातील खुणांचा इतिहास

दृढीकरण संस्काराचा दिवस जवळ येऊ लागला की धर्मग्रामात एक वेगळीच लगबग जाणवू लागते. धर्मशिक्षणाचे वर्ग वाढतात, नवे पोशाख शिवायला जातात, गायकवृंद पवित्र आत्म्याची गीते घोटवू लागतो आणि घराघरांत धर्मपिता कोण, धर्ममाता कोण, याची चर्चा रंगते. एवढ्या तयारीनंतर प्रत्यक्ष विधी मात्र किती थोडक्यात आटोपतो! महागुरू, म्हणजे आपले बिशप, मुलाच्या कपाळावर पवित्र तेलाने क्रुसाची खूण करतात आणि एक वाक्य उच्चारतात. मूल 'आमेन' म्हणते, महागुरू त्याला शांती देतात आणि लगेच पुढचे मूल समोर येते. एकेका मुलाच्या वाट्याला अर्धा मिनिटही येत नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात जवळजवळ २००० वर्षांचा इतिहास एकवटलेला असतो.

आमच्या धर्मग्रामांतील सत्तरी ओलांडलेल्या मंडळींना या विधीतील आणखी एक गोष्ट आठवते. तेलाची खूण झाल्यावर महागुरू मुलाच्या गालावर हलकेच चापट मारीत. त्या चापटीची धास्ती मुलांना महिनाभर आधीपासून असे, आणि थोरली भावंडे ती धास्ती वाढवायला टपलेलीच असत. ख्रिस्ताचा सैनिक व्हायचे तर मार खाण्याची तयारी हवी, असा तिचा अर्थ धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितला जाई. आजच्या विधीत ती चापट नाही. पूर्वीचा संस्कार कसा करारी होता, आता सारे मऊ झाले आहे, अशी हळहळही त्यामुळे कधीकधी ऐकू येते. ही चापट मुळात कोठून आली, ती का गेली आणि तिच्याबरोबर खरेच काही हरवले का, हे प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखे आहेत. त्यांची उत्तरे शोधताना या संस्कारातील बहुतेक खुणांचा प्रवास आपल्यासमोर उलगडतो.

हात आणि तेल

या संस्काराचे मूळ आपल्याला प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सापडते. फिलिपच्या उपदेशावरून शोमरोनातील लोकांनी प्रभूवर विश्वास ठेवला आणि त्यांचा स्नानसंस्कारही झाला. ही वार्ता यरुशलेमेला पोहोचल्यावर प्रेषितांनी पेत्र व योहान यांना तिकडे धाडले. त्या दोघांनी या नव्या श्रद्धावंतांसाठी प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना पवित्र आत्मा मिळाला, असे ८व्या अध्यायात सांगितले आहे. १९व्या अध्यायात एफेसस नगरात संत पौलही स्नानसंस्कारानंतर तसेच हात ठेवतो. या दोन्ही प्रसंगांत तेलाचा उल्लेख नाही. तेथे दिसते ती प्रार्थना आणि दुसऱ्याकडून आलेला हात.

हात ठेवण्याची ही रीत प्रेषितांना नवी नव्हती. वृद्ध याकोबाने योसेफाच्या दोन मुलांना आशीर्वाद देताना त्यांच्या मस्तकांवर हात ठेवले होते, आणि तेही तिरपे करून, धाकट्यावर उजवा व थोरल्यावर डावा. मोशेने यहोशवावर हात ठेवून त्याला आपला उत्तराधिकारी नेमले होते. आपल्याजवळचे काही दुसऱ्याच्या स्वाधीन करायचे तर त्याच्या मस्तकावर हात ठेवायचा, हा भाव त्या समाजात खोल रुजलेला होता.

तेल पुढे आले, पण फार उशिरा नव्हे. 'ख्रिस्त' या शब्दाचाच अर्थ 'अभ्यंग झालेला' असा आहे. जो ख्रिस्ताचा झाला त्यालाही अभ्यंग घडावे, हे ओघानेच आले. इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे राहणारा तर्तुलियन स्नानसंस्काराविषयी लिहिताना सांगतो, की कुंडातून बाहेर आलेल्या माणसाला पवित्र तेल लावीत आणि नंतर त्याच्यावर हात ठेवून पवित्र आत्म्याला पाचारण करीत. परंपरेने हिप्पोलितसच्या नावावर असलेला, पण आजचे अभ्यासक ज्याला अनेक हातांचे संकलन मानतात, असा प्रेषितीय परंपरेविषयीचा एक प्राचीन ग्रंथ आहे. त्यात हा क्रम अधिक तपशिलाने येतो. महागुरू हात ठेवून प्रार्थना करतात, मस्तकावर तेल ओततात, कपाळावर खूण करतात आणि शेवटी त्या व्यक्तीला शांतीचे चुंबन देतात. वाचकांनी हे चुंबन लक्षात ठेवावे. पुढे चापटीचा शोध घेताना आपल्याला त्याच्याकडे परतावे लागणार आहे.

चौथ्या शतकात यरुशलेमेत कपाळाबरोबरच कान, नाकपुड्या व छाती यांनाही पवित्र तेल लावीत. पाश्चात्त्य चर्चमध्ये मात्र कपाळावरील क्रुसाची खूण हीच प्रमुख ठरली. तिला 'मुद्रा' म्हणत. रोमन साम्राज्यात मेंढरांवर मालकाची खूण असे, सैनिकांच्या अंगावरही खूण उमटवीत. आपण कोणाचे आहोत, हे त्या खुणेवरून ओळखू येई. ख्रिस्ती माणूसही कोणाचा आहे, हे या मुद्रेने ठरे. ती डोळ्यांना दिसत नाही आणि ती पुसतही नाही. म्हणूनच हा संस्कार आयुष्यात एकदाच घेता येतो.

हे तेलही साधे नसते. क्रिस्मा हे ऑलिव्ह तेलात बाल्सम नावाचा सुगंधी डिंक मिसळून सिद्ध करतात. पवित्र सप्ताहात महागुरू आपल्या धर्मगुरूंसमवेत त्याचे पवित्रीकरण करतात. जुन्या रोमन विधीत या प्रसंगी १२ धर्मगुरू, ७ उपयाजक आणि ७ उप-उपयाजक उपस्थित राहावेत असा दंडक होता. तेलाच्या पात्रावर तीनदा फुंकर घालून त्या तेलाला उद्देशून आदराने वंदनही करीत. आजही महागुरू पात्रावर फुंकर घालू शकतात. आदामाच्या नाकपुड्यांत फुंकलेला देवाचा श्वास आणि पुनरुत्थित प्रभूने शिष्यांवर टाकलेला श्वास, या दोहोंची आठवण त्या फुंकरीत आहे. १९७० च्या सुधारित विधीपासून ऑलिव्ह जेथे मिळत नाही तेथे अन्य वनस्पतींचे तेलही चालते.

महागुरूंची वाट पाहणारी लेकरे

सुरुवातीच्या शतकांत स्नानसंस्कार, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीराचा स्वीकार हे तिन्ही एकाच रात्री, बहुधा पुनरुत्थानाच्या जागरणविधीत घडत. नगरात एक चर्च असे आणि त्याचे एक महागुरू असत. त्यांच्या हातून सारे विधी होत. पण श्रद्धा खेड्यापाड्यांत पसरली, लहान बाळांचे स्नानसंस्कार वर्षभर होऊ लागले आणि एका माणसाला सर्वत्र पोहोचणे अशक्य झाले.

येथे चर्चसमोर दोन वाटा होत्या. पौर्वात्य चर्चने विधी एकत्र ठेवला. महागुरूंनी पवित्र केलेले तेल घेऊन धर्मगुरूच बाळाला स्नानसंस्काराबरोबर अभ्यंग करू लागले. रोमने महागुरूंचा हात राखला. इ. स. ४१६ मध्ये गुब्बिओ येथील महागुरू डेसेन्शियस यांनी विचारलेल्या प्रश्नांना पोप पहिले इनोसंट यांनी लिहिलेले उत्तर आज उपलब्ध आहे. धर्मगुरूंनी स्नानसंस्कारानंतर तेल लावण्यास हरकत नाही, परंतु कपाळावर मुद्रा करून पवित्र आत्मा देण्याचे काम महागुरूंचेच, असे त्यांनी कळवले आणि शोमरोनास गेलेल्या पेत्र व योहान यांचा दाखला दिला. त्या वेळी उच्चारायचे शब्द मात्र त्यांनी पत्रात लिहिले नाहीत. पवित्र रहस्य उघडे पडू नये, एवढी त्यांना काळजी होती. पुढे ४३९ मध्ये रिएझ आणि ४४१ मध्ये ओरांझ येथे गॉल प्रांतातील धर्मसभा भरल्या. त्यांच्या ठरावांपासून या विधीसाठी 'दृढ करणे' हा शब्द रूढ होत गेला.

या निर्णयाची किंमत लहानांनी मोजली. महागुरूंची फेरी होईपर्यंत वर्षामागून वर्षे जात. राजवाड्यात जन्मलेल्यांना थांबावे लागत नसे. इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिचा १५३३ मध्ये जन्मानंतर तिसऱ्याच दिवशी स्नानसंस्कार झाला आणि त्याच समारंभात दृढीकरणही झाले. शेतकऱ्याच्या मुलाला मात्र महागुरू ज्या रस्त्याने जाणार असतील, त्या रस्त्यावर उभे राहावे लागे. बाराव्या शतकाच्या अखेरीस लिंकनचे महागुरू असलेल्या संत ह्यू यांच्या चरित्रात याविषयी एक हृद्य नोंद आहे. त्यांच्या काळातील एक महागुरू घोड्यावर बसल्या बसल्याच मुलांना तेल लावी. खाली घोड्यांच्या टापांमध्ये मुले भेदरून रडत असत. संत ह्यू मात्र कितीही थकलेले असले तरी घोड्यावरून उतरत आणि मुलांना जवळ घेऊन संस्कार देत. विधी दोघांचाही वैध होता. परंतु त्या मुलांना पुढे आयुष्यभर काय आठवले असेल, याचा विचार आपण करावा.

पालकही कधी उदासीन असत. १२८१ मध्ये लॅम्बेथ येथील धर्मसभेत कँटरबरीचे आर्चबिशप जॉन पेकहॅम यांनी दृढीकरण न झालेल्यांना ख्रिस्तशरीर देऊ नये, असा नियम घातला. मरणासन्न व्यक्ती आणि ज्यांची खरोखरच अडचण होती अशांना त्यातून सूट होती. त्याच सभेने आणखी एक गोष्ट सांगितली. कोणा मुलाचे नाव अशोभनीय ठेवले गेले असेल तर दृढीकरणाच्या वेळी महागुरूंनी ते बदलावे. दृढीकरणाच्या वेळी एखाद्या संताचे नवे नाव घेण्याची रीत अनेक देशांत आढळते. तिच्या वाटेवरचा हा एक जुना टप्पा म्हणता येईल.

आपल्या किनाऱ्यावर हाच प्रश्न अधिक बिकट रूपात उभा राहिला. १५३४ मध्ये स्थापन झालेल्या गोवा धर्मप्रांताची हद्द आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत होती आणि एवढ्या प्रदेशाला महागुरू एकच. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास पोहोचले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी संत इग्नेशियस यांना जी पत्रे लिहिली, त्यांत एक विनंती आहे. येथील महागुरूंना दृढीकरण देण्याचा अधिकार आपल्या प्रतिनिधींकडे सोपवता यावा, यासाठी पोपमहाशयांकडून परवानगी मिळवावी. ठाणी दूरदूर पसरलेली, महागुरू एकटे, आणि अन्य धर्मीयांमध्ये राहणाऱ्या नव्या ख्रिस्ती लोकांना या संस्काराच्या बळाची विशेष गरज, अशी त्यामागची कारणे होती. हजारोंना स्नानसंस्कार देणाऱ्या या महान मिशनरीला हा हात किती हवाहवासा वाटत होता, हे त्यावरून कळते. वसईच्या ख्रिस्ती समाजालाही आपल्या स्वतःच्या महागुरूंसाठी फार वाट पाहावी लागली. वसई धर्मप्रांताची स्थापना १९९८ मध्ये झाली.

चापट कोठून आली?

आता त्या चापटीकडे वळू. पहिल्या हजार वर्षांच्या विधिग्रंथांत ती दिसत नाही. तिचा ठळक उल्लेख येतो तो तेराव्या शतकाच्या अखेरीस. दक्षिण फ्रान्समधील मांद येथील महागुरू गियोम द्युरां यांनी महागुरूंसाठी एक विधिग्रंथ सिद्ध केला. त्यात तेलाची खूण झाल्यावर महागुरूंनी गालावर हलकेच चापट मारावी आणि 'तुला शांती असो' असे म्हणावे, अशी सूचना आहे. १४८५ मध्ये रोममध्ये महागुरूंचा विधिग्रंथ प्रथम छापला गेला, तो मुख्यतः द्युरां यांच्या ग्रंथावर आधारलेला होता. त्यामुळे एका धर्मप्रांतातील ही रीत साऱ्या पाश्चात्त्य चर्चची झाली.

खुद्द द्युरां यांनी चापटीची एकच नव्हे, तर अनेक कारणे दिली आहेत. संस्कार झाल्याची आठवण पक्की राहावी, ख्रिस्ताचे नाव चारचौघांत घेताना चेहऱ्यावर लाज येऊ नये, प्रेषितांच्या हस्तस्पर्शाचे स्मरण व्हावे आणि दुष्ट आत्मा भिऊन पळावा. एका कृतीची इतकी कारणे द्यावी लागतात, तेव्हा तिचे मूळ त्या काळीच विस्मरणात गेले असावे, असे आम्हाला वाटते.

अभ्यासकांनी या मुळाविषयी निरनिराळी मते मांडली आहेत. काहींनी सरदारकीची दीक्षा देताना उमेदवाराच्या मानेवर वा गालावर दिल्या जाणाऱ्या आघाताकडे बोट दाखवले. काहींनी जर्मानिक कायद्यातील साक्षीची प्रथा पुढे केली. फ्रँक लोकांच्या रिपुआरी कायद्यात अशी तरतूद आहे की लेखी दस्तऐवज नसताना जमिनीचा व्यवहार झाला तर साक्षीदारांबरोबर लहान मुलांनाही न्यावे. व्यवहाराच्या क्षणी त्यांना थापड मारावी आणि त्यांचे कान पिळावेत, म्हणजे मोठेपणी त्यांना साक्ष देता येईल. द्युरां यांच्या पहिल्या कारणाशी ही प्रथा चांगली जुळते.

तरीही सर्वांत सयुक्तिक वाटते ते तिसरे मत. चापटीबरोबर उच्चारले जाणारे शब्द शांतीचे आहेत. शिक्षा करताना वा लढाईला धाडताना कोणी 'तुला शांती असो' असे म्हणत नाही. प्राचीन विधीत याच जागी शांतीचे चुंबन होते. समोर प्रौढ माणूस असे तेव्हा महागुरू त्याला चुंबन देत. पुढे समोर तान्ही आणि लहान मुले येऊ लागली. लहान मुलाला आपण माया कशी दाखवतो? गालावर हात फिरवतो, हलकेच थोपटतो. त्या थोपटण्याचीच पुढे चापट झाली असावी. कृती बदलली, पण शब्द मात्र जुनेच राहिले आणि त्या शब्दांनीच मूळ अर्थ जपून ठेवला.

मग सैनिकाची कल्पना कोठून आली? तिचेही मूळ जुने आहे. पाचव्या शतकात रिएझचे महागुरू फाउस्तुस यांचे म्हणून ओळखले जाणारे पेंटेकॉस्टच्या दिवसाचे एक प्रवचन आहे. स्नानसंस्काराने आपण जीवनासाठी जन्म घेतो आणि दृढीकरणाने लढ्यासाठी सज्ज होतो, असा त्याचा आशय आहे. नवव्या शतकात बनावट पोपपत्रांचा एक संग्रह तयार झाला. त्यात हे विचार एका प्राचीन पोपच्या नावावर घालण्यात आले. त्या नावाच्या वजनामुळे पीटर लोंबार्ड आणि संत थॉमस अक्वायनस यांच्यासारख्या थोर ईशज्ञानी पंडितांनीही त्यांचा आधार घेतला. विचार मुळात वाईट नव्हता. श्रद्धेसाठी सोसावे लागते, हे आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांनी १५९७ मध्ये नागासाकीच्या टेकडीवर दाखवून दिलेच आहे. १५६६ मध्ये त्रेंतच्या धर्मपरिषदेनंतर प्रसिद्ध झालेल्या रोमन धर्मशिक्षणग्रंथात चापटीला हाच अर्थ जोडला गेला. ख्रिस्ताच्या नावासाठी सारी संकटे धैर्याने सोसायची, याची ती आठवण ठरली आणि तेथून ती प्रत्येक धर्मशिक्षणाच्या वर्गात पोहोचली. चापटीबरोबरच्या शांतीच्या शब्दांचा उल्लेख त्याच ग्रंथात आहे. पुढच्या पिढ्यांच्या ध्यानात मात्र चापटच अधिक राहिली.

एकाच हाताचे दोन अर्थ

खुणेचा अर्थ ती करणाऱ्याच्या मनावरच अवलंबून नसतो, तो तिचा स्वीकार करणाऱ्याच्या मनातही घडत असतो. याचे एक बोलके उदाहरण गोव्याच्या चर्चच्या इतिहासातच आहे. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस १५९९ मध्ये केरळातील संत थॉमसच्या ख्रिस्ती लोकांकडे गेले. त्या लोकांची उपासना पूर्व सिरियाक परंपरेची होती. त्यांच्याकडे पवित्र आत्म्याच्या दानाची प्रार्थना व हस्तस्पर्श स्नानसंस्काराच्या विधीतच येत असल्यामुळे दृढीकरणाचा वेगळा विधी नव्हता. मेनेझिस यांना वाटले, की या लोकांना हा संस्कारच ठाऊक नाही. ते ठिकठिकाणी तो देऊ लागले. त्यांच्या या दौऱ्याचा वृत्तांत आंतोनियो द गुव्हेया यांनी लिहिला आणि १६०६ मध्ये तो छापला गेला. काही ठिकाणी लोकांनी या विधीला कडाडून विरोध केला. कपाळावर उमटणारी ही खूण म्हणजे आपण पोर्तुगीजांचे अंकित झाल्याची खूण, असे त्यांना वाटले. परक्या हाताने चेहऱ्याला केलेला स्पर्शही त्यांना रुचला नाही.

महागुरूंच्या मनात तो पवित्र आत्म्याचा संस्कार होता, तर समोरच्यांना त्यात सत्तेचा हात दिसला. शोमरोनास गेलेले पेत्र आणि योहानही परक्यांकडेच गेले होते. यहूदी आणि शोमरोनी यांचे वैर तर पिढीजात होते. पण त्यांनी आधी प्रार्थना केली आणि मग हात ठेवले. त्या हातांनी दोन दुरावलेल्या समाजांना एक केले. केरळातील प्रसंगात तसे घडले नाही आणि त्याचे व्रण तेथील चर्चला शतकानुशतके वागवावे लागले. १९९० च्या पौर्वात्य धर्मसंहितेने तर या चर्चची मूळ परंपरा उचलून धरली. स्नानसंस्काराबरोबरच पवित्र तेलाचे अभ्यंग, आणि तेही धर्मगुरूंच्या हातून, ही त्यांची रीत आज संपूर्ण चर्चच्या संपत्तीचा भाग मानली जाते.

खांद्यावरचा हात आणि कपाळावरची पट्टी

महागुरूंच्या हाताबरोबर या विधीत आणखी एक हात आहे. तो धर्मपित्याचा किंवा धर्ममातेचा. जुन्या रोमन विधिग्रंथात याविषयी एक विलक्षण सूचना होती. तान्ह्या मुलांना धर्मपालकाने उजव्या हातावर घ्यावे आणि मोठ्या उमेदवाराने आपला पाय धर्मपालकाच्या उजव्या पायावर ठेवावा. मी एकटा उभा नाही, या माणसाच्या आधाराने उभा आहे, हे किती साध्या रीतीने सांगितले आहे! १९१७ च्या धर्मसंहितेने धर्मपालकाचा उमेदवाराला प्रत्यक्ष स्पर्श असणे आवश्यक मानले. आज धर्मपालक उमेदवाराच्या खांद्यावर उजवा हात ठेवतो. १९१७ चा नियम स्नानसंस्काराहून वेगळा धर्मपालक निवडण्यास सांगत होता. १९८३ च्या संहितेने उलट सुचवले, की शक्यतो स्नानसंस्काराच्या वेळचाच धर्मपिता वा धर्ममाता असावी. बाळपणी ज्याने हातावर घेतले त्यानेच पुढे खांद्यावर हात ठेवावा, म्हणजे दोन्ही संस्कारांचा धागा जुळतो.

मध्ययुगात धर्मपालकाकडे आणखी एक जबाबदारी असे. पवित्र तेल ओघळू नये वा पुसले जाऊ नये म्हणून मुलाच्या कपाळावर तागाची पांढरी पट्टी बांधीत. कोठे ती तीन दिवस ठेवीत, कोठे सात वा आठ दिवस. नंतर चर्चमध्ये कपाळ धुऊन ती पट्टी जाळून टाकीत. कपाळाला पट्टी बांधलेले मूल गावातून फिरू लागले की त्याचे दृढीकरण झाल्याचे साऱ्यांना कळे. पुढे पट्टीची जागा कापसाच्या बोळ्याने घेतली आणि खूण होताच कपाळ पुसले जाऊ लागले.

भेटवस्तूंची प्रथाही अशीच वाढली. जर्मन भाषक प्रदेशांत धर्मपालकाने मुलाला घड्याळ भेट देण्याची रीत प्रसिद्ध आहे. व्हिएन्नामध्ये संस्कारानंतर घोडागाडीतून प्राटर उद्यानाची सफर घडवीत. अशा आनंदाला कोणाची हरकत असणार? पण घड्याळ देणाऱ्याने पुढे आपला थोडा वेळही दिला, तरच त्या भेटीला अर्थ राहतो.

१९७१ मध्ये काय बदलले?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. दृढीकरणाचा ख्रिस्ती दीक्षेशी असलेला संबंध अधिक स्पष्ट व्हावा, यासाठी विधीची फेररचना करावी, असे त्यात म्हटले होते. त्यानुसार पोप सहावे पॉल यांनी १५ ऑगस्ट १९७१ रोजी नवा आदेश काढला. बाराव्या-तेराव्या शतकांपासून रूढ असलेल्या लॅटिन वाक्याऐवजी, पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा स्वीकारण्यास सांगणारे, पौर्वात्य चर्चमध्ये प्राचीन काळापासून चालत आलेले वाक्य त्यांनी घेतले. तेल लावण्यापूर्वी स्नानसंस्काराची वचने नव्याने उच्चारण्याची प्रथा आली. कपाळावर तेल लावणे हाच हस्तस्पर्श आहे, हेही स्पष्ट करण्यात आले. चापट विधीतून वगळली गेली आणि तिच्या जागी शांतीचे अभिवादन राहिले. नवा विधी १९७३ च्या आरंभापासून सर्वत्र बंधनकारक झाला.

म्हणजे हरवले काय? चापट गेली, पण तिच्याआधी शतकानुशतके जे होते ते परत आले. चुंबनापासून थोपटण्याकडे आणि थोपटण्यापासून चापटीकडे झालेला हा प्रवास पुन्हा शांतीपाशी येऊन थांबला. श्रद्धेसाठी सोसण्याचा धडा आपण विसरावा, असे कोणी म्हटलेले नाही. पण तो धडा मुलाला महागुरूंच्या तळहाताने शिकवायचा नसतो. जग तो पुरेसा शिकवते. महागुरूंच्या हातून मुलाला शांती मिळायला हवी, म्हणजे जगाची चापट बसेल तेव्हा त्याच्याजवळ काही शिदोरी असेल.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट मात्र चर्चने कधी सोडली नाही. तेल बदलले, शब्द बदलले, वय बदलले, पट्टी आणि चापट आली आणि गेली, पण एका माणसाने दुसऱ्या माणसाला स्पर्श करण्याची ती कृती कायम राहिली. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीत अनेक ठिकाणी महागुरूंनी अंगठ्याऐवजी कापसाच्या बोळ्याने तेल लावले. संस्कारात त्यामुळे उणेपण आले नाही. तरी संकट ओसरताच सर्वत्र अंगठा परतला, याचे कारण सांगायला नको.

हा प्रश्न केवळ महागुरूंपुरता नाही. त्यांचा हात कपाळावर क्षणभर टेकतो आणि ते पुढच्या मुलाकडे वळतात. त्यांच्यासमोर कधी शंभर मुले असतात, कधी त्याहून अधिक. धर्मपित्याचा किंवा धर्ममातेचा हात मात्र एकाच मुलाच्या खांद्यावर असतो. छायाचित्र काढून झाले की तोही उचलला जातो आणि पुढे लग्नाच्या आमंत्रणापर्यंत त्या दोघांची गाठ पडत नाही, असे आपल्याकडे किती वेळा घडते! दृढीकरणानंतर मुले चर्चपासून दूर जातात, अशी तक्रार आपण नेहमी करतो. दहावी-बारावीची धास्ती, नोकरीचा शोध, घरातील आजारपण, मित्रांचा दबाव अशा कितीतरी चापटी त्या वयात बसत असतात. त्या वेळी खांद्यावरचा तो हात जाग्यावर होता का, हे आपण स्वतःला विचारायला हवे.

धर्मपिता वा धर्ममाता निवडताना म्हणूनच एक साधी कसोटी लावता येईल. हा माणूस आपल्या मुलासाठी घोड्यावरून खाली उतरेल का? उत्तर होकारार्थी असेल, तर त्याची भेटवस्तू लहान आहे की मोठी, याची चिंता करण्याचे कारण नाही.